मराठीतले अक्षरखेळ: आधी अक्षर कुठे तुटतं ते बघा

प्रश्न असा आहे: "माझी मुलगी आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात शिकते. इंग्रजी शब्दांची अक्षरं फिरवून नवे शब्द बनवायचं तिला वेड आहे. मराठीत करून बघितलं तर काहीच हाती लागत नाही. मराठी या खेळासाठी नाहीच, असं ती म्हणते. खरंच तसं आहे का? आणि अशा खेळात ह्रस्व-दीर्घाची सूट घेतली तर तिचं शुद्धलेखन बिघडेल का?"

मी गेली अठ्ठावीस वर्षं मराठी शब्दकोडी रचते आणि त्याआधीपासून शाळेत मराठी शिकवत आले. तुमच्या मुलीसारखी पुष्कळ मुलं वर्गात भेटली. तिचं कुठे अडतंय ते बहुतेक माझ्या लक्षात आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती मराठी शब्द इंग्रजीसारखा तोडते आहे. 'नदी' म्हटलं की तिच्या डोक्यात न, अ, द, ई असे चार तुकडे पडत असणार. ते उलटे लावले तर 'ईदअन' असं काहीतरी होतं आणि मग मराठीचा दोष वाटतो. मराठीत 'नदी'चे तुकडे दोनच: न आणि दी. ते उलटे लावा, 'दीन' होतं. हे चार तुकडे म्हणजे वर्ण आणि हे दोन म्हणजे अक्षरं. आपल्याकडच्या खेळांत बहुतेक वेळा अक्षर हलतं. त्याचा काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडलेली व्यंजनं, सगळा संसार त्याच्याबरोबर हलतो.

हे काही मी पुस्तकातून काढलेलं नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. त्याला 'राम' म्हणता येईना, म्हणून नारदांनी 'मरा मरा' म्हणायला सांगितलं आणि म्हणता म्हणता त्याचं 'राम राम' झालं. गोष्ट ऐकणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला ते लगेच कळतं, कारण काना र चा आहे आणि तो र बरोबरच जाणार हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'च'ची भाषा बोलणारी मुलंही तेच करतात. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला च लावायचा, असा आमच्याकडचा नियम. 'मला पाणी दे'चं होतं 'चलाम चणीपा चदे'. आता 'प्रकाश' घ्या. कुठलंही मूल 'चकाशप्र' म्हणेल. 'प्र' फोडून प एकीकडे आणि र दुसरीकडे असं करणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. व्याकरणात ज्याला जोडाक्षर म्हणतात, ते मुलाच्या जिभेवर एकसंधच असतं.

यामुळे एक फार छान गोष्ट होते. इंग्रजीत 'लिसन'ची अक्षरं फिरवून 'सायलेंट' होतं, पण ते कागदावर. कानाला त्या दोन शब्दांचं नातं कळत नाही. मराठीत 'मका' उलटा केला की 'काम', 'रवा' उलटा केला की 'वार', 'तवा'चा 'वात', 'सदा'चा 'दास', 'पता'चा 'ताप'. हे डोळे मिटूनही खेळता येतं, पोळ्या लाटतानाही खेळता येतं. माझी सगळ्यात आवडती जोडी 'वारस' आणि 'सरवा'. पीक काढून नेल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं वेचतात, तो सरवा. वर्गात ही जोडी सांगितली की शेतकऱ्यांची मुलं आधी हसतात आणि मग इतरांना सरवा म्हणजे काय ते समजावून देतात. तीन अक्षरी शब्द फिरवायचे तर 'काजळ'चं 'जळका' होतं, 'जागर'चं 'गरजा'.

उलटं वाचलं तरी तेच राहणारे शब्द तर घरभर आहेत: कणिक, टोमॅटो, रबर, जहाज, नवीन, कडक, नमन, वाहवा. व्याकरणाच्या तासाला शिकतो तो 'समास'ही त्यातलाच, आणि 'मध्यम' हा तर जोडाक्षर पोटात घेऊन तसाच उभा राहतो.

एक सावधगिरी. शब्द उलटा करायला तिने संगणकावर एखादा साधा कार्यक्रम लिहिला, तर तो फसवेल. संगणक 'नदी' साठवतो ती न, द आणि वेगळी वेलांटी अशी तीन चिन्हं म्हणून. उलटं करायला सांगितलं की वेलांटी सगळ्यात आधी येते आणि अक्षरच नसल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत राहते. ह्रस्व वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, पण साठवली जाते अक्षरानंतर. तेव्हा आधी अक्षरं तोडायला शिकवायचं आणि मग उलटायला.

आता वाक्यांकडे येते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. लहानपणापासून ऐकलेली उलटसुलट वाक्यं एकदा भिंग लावून बघा.

'रामाला भाला मारा.' रा, मा, ला, भा, ला, मा, रा. चोख. 'ती होडी जाडी होती.' तेही चोख. 'चिमा काय कामाची' मात्र सुरू होतं ह्रस्व चि ने आणि संपतं दीर्घ ची ने. 'भाऊ तळ्यात उभा' यात एक ऊ दीर्घ, एक ह्रस्व. म्हणजे ही दोन वाक्यं कानाला पूर्ण आणि कागदावर एक वेलांटी, एक उकार कमी. मोडी या जुन्या लिपीत लिहिलीत तर हा प्रश्नच मिटतो, कारण मोडीत इ-ई आणि उ-ऊ असा भेद करत नाहीत. दोन्ही वाक्यं तिथे अगदी बिनचूक उलटतात.

सगळ्यात मजेचं वाक्य 'तो कवी डालडा विकतो'. आज लिहितो तसं लिहिलं तर एकीकडे वी दीर्घ आणि दुसरीकडे वि ह्रस्व. वर्षानुवर्षं मी हे वाक्य 'जवळजवळ जमलेलं' म्हणून शिकवत होते. मग एकदा जुनं छापील मराठी वाचताना डोक्यात प्रकाश पडला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या, शब्दाच्या शेवटचा इकार, उकार दीर्घ लिहावा हा आपला नियम १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतला. त्याआधी 'कवि' ह्रस्वच लिहीत. 'तो कवि डालडा विकतो' असं लिहा आणि उलटं वाचा: तो, क, वि, डा, ल, डा, वि, क, तो. तिळमात्र फरक नाही. डालडा बाजारात आला १९३७ साली, म्हणजे वाक्य त्याआधीचं असू शकत नाही. रचणाऱ्याने जुन्या शुद्धलेखनातच ते बेतलं असावं, असं मला फार वाटतं. नियम बदलला आणि एक घडीव वाक्य एका वेलांटीपुरतं सैल झालं.

आता सांगा, ज्या मुलीला हे सगळं कळलं, ती 'कवी' आणि 'कविराज' यांच्यातला फरक विसरेल का? माझा अनुभव असा की ह्रस्व-दीर्घाकडे मुलांचं लक्ष जात नाही तेव्हा शुद्धलेखन बिघडतं. हा खेळ नेमकं तिथे बोट ठेवायला लावतो. सूट घ्या, पण सूट घेतली हे मोठ्याने म्हणायची सवय लावा: 'इथे वेलांटीची सूट घेतली.' माझ्या वर्गात हा नियम होता आणि मुलं एकमेकांच्या सुटी पकडण्यात इतकी रंगायची की तास संपल्याचं कळायचं नाही.

वाक्य रचायचं कसं, तेही एकदा करून दाखवते. सुरुवात शेवटाकडून करायची. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि त्याची रूपं ठरलेली असतात, म्हणून क्रियापद उलटून वाक्याचा पहिला शब्द मिळतो का ते आधी बघायचं. 'मारा' उलटलं की 'रामा' मिळतो, त्यावरून 'रामाला'. 'वाचा' उलटलं की 'चावा', पण पुढे जाता येत नाही. 'टाका' उलटलं की 'काटा'. हा शब्द सोन्यासारखा, कारण घड्याळाचा काटा, तराजूचा काटा, पायात रुतलेला काटा, सगळे दरवाजे उघडे राहतात. आता दोघांच्या मध्ये काहीतरी हवं आणि ते स्वतः उलटसुलट सारखं हवं. मघाची यादी काढा. रबर? जहाज? नाही. नवीन! 'काटा नवीन टाका.' का, टा, न, वी, न, टा, का. घड्याळवाल्याला खरोखर सांगता येईल असं वाक्य झालं, एकही सूट न घेता. वाक्य उलटं वाचता येणं ही अर्धीच गंमत. ते कुणी तरी कुणाला तरी म्हणेल असं असलं की मजा पूर्ण होते.

दुसरी रीत म्हणजे जुन्या वाक्याचा साचा वापरायचा. 'ती होडी जाडी होती' यात सगळी कमाल 'होती' या शब्दाची. तो उलटला की 'तीहो', म्हणजे वाक्य 'ती' ने सुरू होऊन पुढचा शब्द 'हो' ने सुरू व्हायला हवा. होडी घेतली तर शेवटून तिसरं अक्षर डी ठरलं. मधलं एक अक्षर मोकळं, तिथे जा घातला की जाडी. आता होडीच्या जागी होळी घ्या: 'ती होळी काळी होती.' बसलं. साचा हाती आला की मुलं दहा मिनिटांत वाक्यं पाडायला लागतात.

शब्दकोड्याबद्दल थोडंसं. आपल्या कोड्यात एका चौकोनात एक अक्षर. 'स्त्री' अख्खी एका चौकोनात बसते, 'स्वातंत्र्य' तीन चौकोनांत आटपतं. म्हणून मराठी कोड्यातले शब्द आखूड दिसतात आणि रचणाऱ्याचा जीव जातो तो आडवे-उभे शब्द जुळवताना. इंग्रजीत जुळवायची अक्षरं सव्वीस. आपली व्यंजनं चौतीस आणि बाराखडीची रूपं बारा, म्हणजे ४०८, वर बारा स्वर, आणि जोडाक्षरं अजून मोजलीच नाहीत. नुसता क जुळून भागत नाही, कि ला कि च लागतो. सुरुवातीच्या काळात एका साप्ताहिकासाठी मी उभा 'कवी' आणि आडवी 'विहीर' एकाच चौकोनात भेटवली होती. छापून आल्यावर वाचकांची पत्रं आली, आणि त्यातलं एक पोस्टकार्ड माझ्या पाचवीच्या बाईंचं होतं. त्यांनी फक्त तो चौकोन काढून त्यात दोन वेलांट्या दाखवल्या होत्या, बाकी एक शब्द नाही. तेव्हापासून बोललेल्या खेळात सूट घेते, चौकोनात कधीच नाही.

तुमच्या मुलीला असंही वाटत असेल की हे सगळं लहान मुलांचं आहे. तर तिला पाथरीची गोष्ट सांगा. परभणी जिल्ह्यातलं पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर. तिथे सोळाव्या शतकात सूर्य नावाचे ज्योतिषी राहत. गणिती घराणं, वडील ज्ञानराज हेही मोठे ज्योतिषी. या सूर्य पंडितांनी संस्कृतात एक विलोमकाव्य रचलं: सरळ वाचलं तर रामाची कथा, उलटं वाचलं तर कृष्णाची. त्याची पहिली ओळ अशी:

तं भूसुतामुक्तिमुदारहासं वंदे यतो भव्यभवं दयाश्रीः

भूसुता म्हणजे सीता, तिला सोडवणाऱ्या रामाला हे वंदन. आता शेवटाकडून एकेक अक्षर घेत या:

श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्

सीता गेली आणि यादव आला, म्हणजे कृष्ण. 'मुक्ति'मधला क्ति बघा, दोन्हीकडे क्तिच राहिलाय, त्याची त-क उलटापालट झालेली नाही. 'वंदे'चं 'देवं' झालं तेव्हा वं ने आपला अनुस्वार बरोबर नेला. श्रीचा विसर्ग तेवढा सुटला आणि शेवटच्या तं चा अनुस्वार म् म्हणून लिहिला. मी जे वर सांगत होते तोच नियम, साडेचारशे वर्षांपूर्वी, गोदाकाठच्या मुलखात, श्लोकामागून श्लोक पाळलेला. मुलांना हे फळ्यावर लिहून दाखवताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

सगळेच खेळ अक्षराचे असतात असं मात्र नाही, आणि हे तिला सांगायलाच हवं, नाहीतर पुढे गोंधळ होईल. बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४) घ्या. त्यांनी १०८ रामायणं रचली असं म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लावून म्हणायचे प, फ, ब, भ, म हे वर्ण त्यात येऊ द्यायचे नाहीत. ही अट घातली की पहिला बळी जातो तो 'राम' या शब्दाचाच! रामाचं नाव न घेता रामायण सांगायचं. इथे हिशोब वर्णाचा आहे, कारण ओठ मिटतात ते व्यंजनामुळे. मा असो, मी असो की म्हा असो, तिन्ही बाद. हीच अट त्यांच्या फार आधी संस्कृत लेखक दंडीने आपल्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त या पात्राला घातली. मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीच्या दंतक्षतांनी दुखतात, म्हणून तो आपली सगळी हकिगत ओठ न मिटता सांगतो. अटीला गोष्टीतच कारण दिलं, हे मला दंडीचं फार आवडतं. संस्कृत कवी भारवीने किरातार्जुनीय या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात एक श्लोक जवळजवळ नुसत्या न वर चालवला आहे: 'न नोननुन्नो नुन्नोनो' असा सुरू होतो. तिथेही मोजायचं ते व्यंजन, स्वर कुठलाही चालतो.

आणि कटपयादी या अक्षरांनी आकडे मांडायच्या जुन्या पद्धतीत तर अक्षरांचे आकडेच होतात. क पासून एक, ट पासून एक, प पासून एक, य पासून एक असे मोजत जायचं. स्वराला किंमत नाही, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. 'जय' मांडा: ज म्हणजे ८, य म्हणजे १, उलटं वाचून १८. महाभारताचं जुनं नाव जय आणि त्याची पर्वं अठरा. आठवीतल्या मुलीला याचा नाद लागला तर घरातल्या सगळ्यांच्या नावांचे आकडे निघतील.

आपल्या बोलण्यातसुद्धा अक्षरं किती मुरली आहेत! गर्विष्ठ माणसाला 'ग'ची बाधा होते. गप्प बसलेला चकार शब्द काढत नाही. अभ्यासात मागे पडणारा ढ. ब्राह्मीपासून बाकीची अक्षरं बदलत गेली आणि ढ जवळजवळ तसाच राहिला, म्हणून न बदलणारा तो ढ, असं त्याचं कारण सांगतात. (वर्गात मी हा शब्द कधी वापरला नाही, पण त्याची गोष्ट जरूर सांगितली.) आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'ध'चा 'मा' करणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे. घडलं ते तसंच की कसं हा इतिहासकारांचा विषय. पण म्हण बारकाईने ऐका. 'ध'चा 'म' असं आपण कधीच म्हणत नाही. 'ध'चा 'मा' म्हणतो, काना धरून. म्हण घडवणाऱ्या लोकांनीही अक्षरच मोजलं.

सुरुवात कुठून करायची? मी काना-मात्रेपासून करून घेते. दोन व्यंजनं द्यायची, क आणि ळ, आणि त्यांना हवे ते स्वर लावून शब्द शोधायचे: कळ, कळा, कळी, काळ, काळा, काळी, कूळ, केळ, केळी, कोळी, आणि आमटीत घालतो तो चिंचेचा कोळ. अक्षर हे व्यंजन आणि स्वर मिळून होतं, हे यातून आपोआप समजतं. मग प आणि ण द्या, त्यात पाणीही आहे आणि पेण, पुणेही.

त्यानंतर एका वेळी एकच अक्षर बदलत एका शब्दातून दुसऱ्यात जायचं. माती, माळी, काळी, काळा, काटा. माती ते काटा चार पावलांत. तिला सांगा, तीन पावलांत जाऊन दाखव. भेंड्या तर घरात खेळत असालच. तिथे ण आला की न आणि ळ आला की ल, हा नियम का, ते तिलाच शोधू द्या. शब्दकोशात ण आणि ळ ही पानं उघडायला लावा, उत्तर तिथेच दिसेल.

हे आठवडाभर झालं की 'ती होडी _डी होती' आणि 'ती होळी _ळी होती' हे दोन साचे तिच्या वहीत लिहून द्या. पहिल्यात माझ्याकडे जाडी, वेडी आणि गाडी आहेत, दुसऱ्यात काळी, निळी आणि भोळी. गाडीचं वाक्य एका सहावीतल्या मुलाचं. त्याच्या धाकट्या बहिणीने खेळण्यातली होडी अंगणभर ओढत नेली होती, म्हणाला, "बाई, ती होडी गाडी होती."